बेसबॉलचा हिवाळी बाजार: संघ चांगला खेळाडू फुकट का सोडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्रिकेट बघत वाढलेला, आता अमेरिकेत राहून मेजर लीग बघणारा माणूस वर्ल्ड सिरीज (सीझनची अंतिम मालिका) संपली की गोंधळतो. परवापर्यंत खेळणाऱ्या रिलीव्हरला (मागाहून येणाऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला) ‘डीएफए’ करतात, एका बऱ्या बॅटरला ‘नॉन-टेंडर’ करून फुकट सोडून देतात, आणि ७० कोटी डॉलरचा करार असलेल्या डॉजर्सच्या शोहेई ओहतानीला वर्षाला फक्त २० लाख मिळतात म्हणे. आयपीएलसारखी ठरलेली पर्स नाही, लिलाव नाही. मग संघ नेमका कसला हिशेब करतात, आणि बातमी वाचताना काय बघायचं?

बातमीतला डॉलरचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. कुठल्याही खेळाडूबद्दल आधी तीन गोष्टी शोधायच्या: त्याची सर्व्हिस किती झाली, तो ४० जणांच्या रोस्टरवर (संघाच्या यादीवर) आहे का, आणि त्याचे किती ऑप्शन (खालच्या, म्हणजे मायनर लीगमध्ये पाठवण्याची मुभा) शिल्लक आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधल्या बहुतेक बातम्या एवढ्यावरच उलगडतात. पैसा त्यानंतर.

आधी सर्व्हिस. मेजर लीगच्या रोस्टरवर किंवा तिथल्या जखमींच्या यादीत काढलेला प्रत्येक दिवस मोजला जातो. सीझन साधारण १८६-१८७ दिवसांचा असतो, पण १७२ दिवस भरले की वर्ष पूर्ण धरतात. हा आकडा २.१४० असा लिहितात, पण तो दशांश नाही. दोन वर्षं आणि १४० दिवस असा वाचायचा. पहिली तीन वर्षं खेळाडूला पगाराबाबत फारसं बोलता येत नाही. संघ किमान वेतनाच्या आसपास देतो (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर, २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार). तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान पगार लवादाच्या धाकाने ठरतो. सहा वर्षं पूर्ण झाली की माणूस फ्री एजंट, कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. मधला एक अपवाद लक्षात ठेवा: दोन ते तीन वर्षांच्या गटात ज्यांची सर्व्हिस सर्वांत जास्त, असे वरचे २२ टक्के एक वर्ष आधीच लवादाला पात्र होतात. यांना ‘सुपर टू’ म्हणतात. ही रेषा दरवर्षी थोडी सरकते, अलीकडे ती २.११५ ते २.१४० च्या आसपास राहिली आहे.

एका दिवसाची किंमत किती, हे क्रिस ब्रायंटच्या उदाहरणात दिसतं. २०१५ मध्ये शिकागो कब्जने त्याला सीझन सुरू झाल्यावर, १७ एप्रिलला वर आणलं. वर्षाअखेर त्याची सर्व्हिस १७१ दिवस भरली. एक दिवस कमी पडला आणि फ्री एजन्सी अख्खं वर्ष पुढे गेली. त्याने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या सामूहिक करारात यावर दोन उपाय आले. रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला दिवस कमी भरले तरी पूर्ण वर्ष मिळतं. शिवाय नावाजलेल्या नव्या खेळाडूला संघाने वर्षभर वर ठेवलं आणि त्याने हा पुरस्कार पटकावला, तर संघाला ड्राफ्टमध्ये (शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) जादा निवड मिळते. पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला २०२४ मध्ये ११ मेला आणलं. त्याने पुरस्कार जिंकला, त्याला पूर्ण वर्ष मिळालं, आणि तो सुरुवातीपासून वर नसल्याने संघाला जादा निवडही मिळाली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता चाळिसाची यादी, कारण ‘फुकट का सोडला’ या प्रश्नाचं घोडं इथेच पेंड खातं. मैदानात उतरू शकणारा रोस्टर २६ जणांचा. त्यांच्यासह संघाच्या ताब्यात मेजर लीग कराराने असलेले एकूण ४०. सीझनमध्ये मोठ्या दुखापतीचा खेळाडू ६० दिवसांच्या यादीत टाकला की तो चाळिसात मोजत नाहीत. पण ऑफसीझनमध्ये ही यादीच नसते. वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाच दिवसांत त्या सगळ्यांना परत चाळिसात घ्यावं लागतं.

एक संघ समजा. सीझन संपताना चाळिसाच्या चाळीस जागा भरलेल्या, आणि पाच जण ६० दिवसांच्या यादीत; म्हणजे ४५ नावं. सहा जण फ्री एजंट होऊन गेले, उरले ३९. आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रूल ५ ड्राफ्टपासून वाचवण्यासाठी चार तरुण यादीत घालायचे आहेत: ४३. तिघांना आत्ताच जावं लागणार. बाजारातून एक स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) आणि एक बॅटर घ्यायचा विचार असेल तर आणखी दोघं. म्हणजे कुणाशीही भांडण नसताना, पैशाची चणचण नसताना, पाच माणसं बाहेर. त्यात दोन-तीन जण बरे खेळणारे असणारच. इतर संघही त्याच आठवड्यात जागा मोकळ्या करत असल्याने ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) त्यांच्या बदल्यात फारसं काही पदरात पडत नाही.

रूल ५ म्हणजे काय, हे कळलं नाही तर ही धावपळ उगाचची वाटते. अठरा किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेला खेळाडू पाचव्या, आणि एकोणीस किंवा जास्त वयात झालेला चौथ्या रूल ५ ड्राफ्टपर्यंत चाळिसात आला नाही, तर दुसरा संघ त्याला १ लाख डॉलरला उचलू शकतो. म्हणून नोव्हेंबर २०२६ मध्ये बघायचे ते मुख्यतः २०२२ चे शाळेतून आणि २०२३ चे कॉलेजमधून घेतलेले. उचलणाऱ्यावर अट कडक आहे: त्याला वर्षभर २६ मध्ये ठेवायचं, नाहीतर ५० हजार डॉलरला मूळ संघाला परत देऊ करायचं. त्यामुळे कच्चा शॉर्टस्टॉप सहसा सुरक्षित राहतो, आणि ताशी ९७ मैलांनी टाकणारा, बुलपेनमध्ये (रिलीव्हरांच्या ताफ्यात) लपवता येण्यासारखा पिचर उचलला जातो. ब्रुकलिन डॉजर्सने १९५४ मध्ये रोबेर्तो क्लेमेंतेला असाच गमावला. २०२० मध्ये यांकीजने न वाचवलेला गॅरेट व्हिटलॉक थेट कट्टर प्रतिस्पर्धी रेड सॉक्सने नेला, ते जास्त झोंबलं.

डीएफए (डेझिग्नेट फॉर असाइनमेंट) म्हणजे हकालपट्टी नाही. खेळाडू त्याच क्षणी चाळिसातून बाहेर पडतो आणि संघाला सात दिवस मिळतात: ट्रेड करा, वेव्हरवर टाका (इतर संघांना उचलायला खुला करा) किंवा मोकळा करा. वेव्हरवर इतर २९ संघांना आधीच्या सीझनच्या क्रमवारीत तळापासून संधी मिळते. जो उचलेल त्याने करार आहे तसा घ्यायचा. कुणीच उचललं नाही तर त्याला मायनरमध्ये पाठवता येतं, मात्र तीन वर्षं सर्व्हिस असलेला किंवा आधी एकदा असा पाठवलेला खेळाडू नकार देऊन फ्री एजंट होऊ शकतो. इथे एक डाव वरचेवर दिसतो. संघ जानेवारीत कुणाला वेव्हरवरून उचलतो आणि दहा दिवसांत त्यालाच डीएफए करतो. वेडेपणा वाटतो, पण उद्देश असा की इतरांच्या याद्या भरलेल्या असताना तो वेव्हरमधून सुटावा आणि चाळिसातली जागा न अडवता ट्रिपल-एमध्ये (मायनरच्या सर्वांत वरच्या पायरीवर) हाताशी राहावा.

ऑप्शन म्हणजे चाळिसातल्या खेळाडूला वेव्हरशिवाय मायनरमध्ये खाली पाठवण्याचं वर्ष. अशी तीन वर्षं मिळतात. सीझनमध्ये एकूण २० दिवस खाली काढले की एक वर्ष खर्ची पडतं, आणि २०२२ पासून एका सीझनमध्ये जास्तीत जास्त पाच वेळा खाली पाठवता येतं. पाच वर्षं सर्व्हिस झालेला खाली जायला नकार देऊ शकतो. ऑप्शन संपलेला सहावा स्टार्टर हा फार अडचणीचा माणूस. खाली पाठवता येत नाही, वेव्हरवर टाकला तर जातो. सारख्याच ताकदीच्या दोन पिचरांपैकी ज्याचे दोन ऑप्शन शिल्लक आहेत तो रोस्टर बनवणाऱ्यासाठी स्पष्टपणे जास्त मोलाचा, आणि हे त्याच्या ईआरएमध्ये (पिचरने दिलेल्या धावांच्या सरासरीत) कुठेच दिसत नाही.

नॉन-टेंडरकडे वळू. लवादाच्या वर्षांतल्या खेळाडूला पुढच्या वर्षाचा करार द्यायचा की नाही हे संघाला नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठरवावं लागतं. लवादातला पगार आधीच्या पगारावर चढत जातो, आणि तिथे होम रन, सेव्ह, जिंकलेले सामने, डाव असे ढोबळ आकडे फार चालतात. त्यामुळे २५ होम रन मारणारा, पण ऑन-बेस टक्केवारी (बाद न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण) बेताची आणि बचाव कच्चा असलेला फर्स्ट बेसमन महाग होतो. संघाला वाटतं, ८० लाख द्यायचे तर असाच दुसरा बाजारात ३० लाखांत मिळेल. सोडला. बातमीत ‘फुकट सोडला’ दिसतं, प्रत्यक्षात संघाने त्याचा अंदाजित पगार नाकारलेला असतो. बऱ्याचदा तोच खेळाडू त्याच संघाकडे कमी पगारात परत येतो.

सुनावणीची पद्धत साधी आणि निष्ठुर. जानेवारीत दोन्ही बाजू एकेक आकडा देतात. तिघांच्या समितीला मधला आकडा काढता येत नाही, दोनपैकी एक निवडावा लागतो. म्हणून कुणीच फार ताणत नाही आणि बहुतेक प्रकरणं आधीच मिटतात. २०२२ च्या करारानंतर एक बारीक फरक महत्त्वाचा झाला: सुनावणीशिवाय ठरलेला पगार पूर्ण हमीचा असतो, सुनावणीत ठरलेला नसतो. तो खेळाडू सीझनआधी मोकळा केला तर संघाला पगाराचा काही भागच द्यावा लागतो.

फ्री एजंटच्या बाबतीत ‘क्वालिफाइंग ऑफर’ची भानगड समजून घ्या. सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंची सरासरी काढून तेवढ्या रकमेचा एका वर्षाचा करार जुना संघ देऊ करतो. २०२४ च्या अखेरीस ही रक्कम २ कोटी १०.५ लाख होती, २०२५ च्या अखेरीस २ कोटी २० लाख २५ हजार. कारकिर्दीत एकदाच मिळू शकते, आणि पूर्ण सीझन त्याच संघात काढलेला असावा लागतो. जुलैत ट्रेड झालेल्याला नाही. नाकारून तो दुसरीकडे गेला तर नव्या संघाची ड्राफ्टमधली निवड जाते आणि जुन्याला एक मिळते. किती जाते हे नव्या संघाच्या पगारखर्चावर: लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरलेल्या उंबरठ्यावर गेला की लागणारा कर) भरणाऱ्याची दुसरी आणि पाचवी सर्वोच्च निवड, वर आंतरराष्ट्रीय करारांच्या निधीतले १० लाख डॉलर. हुआन सोटोसारख्या बड्या ताऱ्याला याचं काही वाटत नाही. अडकतो तो मधला, ३२ वर्षांचा, तीन वर्षांच्या कराराच्या आशेवर असलेला. दुसरी निवड घालवून त्याला कोण घेणार? २०२५ मध्ये चौघांनी ऑफर सरळ स्वीकारली, ते याच गणितातून.

आता पैसा. मेजर लीगमध्ये पर्सची कमाल मर्यादा नाही, आहे तो कर. २०२६ साठी उंबरठा २४.४ कोटी डॉलर. वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. त्याशिवाय अधिभार: उंबरठ्यावर २ कोटी गेल्यानंतर १२ टक्के, ४ कोटींनंतर पहिल्यांदा ४२.५ आणि लागोपाठ असेल तर ४५, ६ कोटींनंतर ६०. समजा संघाचा आकडा २७ कोटी. वर गेले २ कोटी ६० लाख. पहिलंच वर्ष असेल तर ५२ लाख, अधिक ६० लाखांवर १२ टक्के म्हणजे ७ लाख २० हजार. एकूण ५९ लाख २० हजार. तोच संघ तिसऱ्या वर्षी १ कोटी ३७ लाख २० हजार भरतो. आणि जो ६ कोटींच्या पलीकडे, तिसऱ्या वर्षात आहे, त्याला १ कोटीचा रिलीव्हर २ कोटी १० लाखांना पडतो. म्हणून डॉजर्स आणि मेट्स यांच्या ‘किरकोळ’ खरेद्या किरकोळ नसतात.

करासाठी त्या वर्षी हातात दिलेली रक्कम नव्हे, कराराची वार्षिक सरासरी धरतात. सोटोचा मेट्सशी डिसेंबर २०२४ चा करार १५ वर्षांचा, ७६.५ कोटींचा, सरासरी ५ कोटी १० लाख. पुढे ढकललेली रक्कम असेल तर तिचं आजचं मूल्य काढतात. ओहतानीचं कोडं इथे सुटतं. दहा वर्षं, ७० कोटी; त्यातले ६८ कोटी बिनव्याजी २०३४ ते २०४३ मध्ये, वर्षाला ६ कोटी ८० लाख. प्रत्येक वर्षाचे हे पैसे दहा वर्षांनी मिळणार, म्हणून सुमारे ४.४३ टक्क्यांनी दहा वर्षं मागे आणले की ४ कोटी ४१ लाखांच्या आसपास येतात. त्यात चालू २० लाख मिळवा: करासाठी साधारण ४ कोटी ६० लाख. म्हणजे कर वाचला हे खरं, पण ‘२० लाखांत खेळतो’ हे खोटं. ढकललेल्या रकमेचं आजचं मूल्यही संघाला दोनेक वर्षांत वेगळं काढून ठेवावं लागतं; नुसतं कागदावर लिहून भागत नाही.

कराराच्या बातमीत ‘ऑप्ट-आउट’ आणि ‘ऑप्शन’ यांची गल्लत करू नका (हा ऑप्शन वरच्या, मायनरच्या ऑप्शनहून वेगळा). ऑप्ट-आउट खेळाडूच्या फायद्याचा: चांगला खेळला तर निघून जातो, वाईट खेळला तर संघाच्या गळ्यात. क्लब ऑप्शन संघाच्या फायद्याचा: करार आणखी एक वर्ष वाढवायचा का, हे संघ ठरवतो. म्युच्युअल ऑप्शन दोघांनी होकार दिला तरच लागू, आणि तसं जवळजवळ कधी होत नाही; तो बायआउटची (ऑप्शन लागू न झाल्यास खेळाडूला द्यायची) रक्कम एक वर्ष पुढे ढकलण्यासाठी लिहिलेला असतो. सोटोला पाचव्या सीझननंतर ऑप्ट-आउट आहे, पण मेट्सने पुढच्या दहा वर्षांना दरवर्षी ४० लाख वाढवले तर तो रद्द होतो आणि करार ८०.५ कोटींचा होतो. असं वाक्य बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात सापडतं, तिथपर्यंत वाचा.

जपानी खेळाडूंच्या पोस्टिंग शुल्काचं गणित तुम्ही स्वतः करू शकता. पहिल्या २.५ कोटींवर २० टक्के, पुढच्या २.५ कोटींवर १७.५, त्यावरील रकमेवर १५. डॉजर्सच्या यामामोतोचा करार ३२.५ कोटी: ५० लाख, अधिक ४३ लाख ७५ हजार, अधिक २७.५ कोटींवर ४ कोटी १२.५ लाख, एकूण ५ कोटी ६ लाखांच्या वर. ही रक्कम त्याच्या जपानी संघाला जाते आणि करात धरत नाहीत.

प्रॉस्पेक्टबद्दल. ड्राफ्टच्या निवडी, मोजक्या काही सोडल्या, तर ट्रेड करता येत नाहीत, म्हणून देवाणघेवाणीचं चलन म्हणजे मायनरमधले तरुण. त्यांना २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी नियमित खेळाडू. हा आकडा चाहत्यांना कमी वाटतो. ५० चा खेळाडू सहा वर्षं स्वस्तात मिळणं ही फार मोठी कमाई आहे. नुसता क्रमांक बघून ट्रेड तोलू नका. डबल-एपर्यंत (ट्रिपल-एच्या एक पायरी खाली) पोचलेला ४५ चा पिचर, पुढच्या वर्षी रोटेशनमध्ये (स्टार्टरांच्या फेरीत) येऊ शकणारा, हा सर्वांत खालच्या रूकी लीगमधल्या १८ वर्षांच्या ५० पेक्षा गरजू संघाला जास्त कामाचा असू शकतो. आणि ज्याला याच नोव्हेंबरात चाळिसात घालावं लागणार आहे त्याची किंमत दर आठवड्याला उतरते, कारण विकणाऱ्याकडे जागा नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

डिसेंबर २०२३ चा सोटोचा ट्रेड या नजरेने पाहा. पाद्रेसकडे त्याचं एकच वर्ष उरलं होतं, लवादात ३ कोटींच्या वर जाणार हे दिसत होतं (पुढे ३ कोटी १० लाखांवर ठरलं), आणि त्यांना लक्झरी टॅक्सच्या खाली यायचं होतं. त्यांनी सोटो आणि ग्रिशम देऊन यांकीजकडून मायकेल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो, रँडी वास्केस आणि कॅचर हिगाशिओका घेतले. त्यातला थॉर्प मार्चमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन डिलन सीझ आणला. यांकीज वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, मग सोटो मेट्सकडे गेला, आणि कर भरणारा संघ म्हणून यांकीजला भरपाईची निवड मिळाली ती थेट चौथ्या फेरीनंतर. माझ्या मते पाद्रेसने निभावून नेलं. यांकीजनेही वाईट केलं नाही. एका वर्षासाठीही एवढं द्यावंच लागतं.

लवकर केलेले दीर्घ करार हा याच हिशेबाचा दुसरा टोक. अटलांटाच्या अकुन्याने २०१९ मध्ये आठ वर्षांचे १० कोटी घेतले. शेवटी दोन क्लब ऑप्शन, प्रत्येकी १ कोटी ७० लाखांचे. अटलांटाने फ्री एजन्सीतली चार वर्षं आधीच खिशात घातली. जॅक्सन चुरिओने तर पदार्पणाआधीच आठ वर्षांचे ८.२ कोटी स्वीकारले. खेळाडू इथे मूर्ख नसतो. गुडघा किंवा कोपर गेलं तर पुढच्या कमाईची हमी कुणाकडेच नाही.

खेळाडूंचा सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. वरचे उंबरठे आणि टक्केवाऱ्या त्यापुढे बदलू शकतात. मागच्या वेळी २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस टाळेबंदी होती. तेव्हा मेजर लीगचे सगळे व्यवहार थांबले आणि रूल ५ चा मुख्य टप्पा झालाच नाही. म्हणून २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये सह्यांची झुंबड उडाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तोवर रोज बघायला दोन ठिकाणं पुरतात: फॅनग्राफ्स या साइटवरचं रोस्टर रिसोर्स, तिथे चाळिसाची यादी, ऑप्शन आणि कराचा अंदाज मिळतो, आणि करारातल्या बारीक अटींसाठी कॉट्स ही करारांची नोंद ठेवणारी साइट. फेब्रुवारीच्या मध्यात सरावाचे कॅम्प उघडले की ६० दिवसांची यादी पुन्हा सुरू होते. त्या आठवड्यात तुमच्या संघात टॉमी जॉन (कोपराच्या) शस्त्रक्रियेतून सावरणारे किती पिचर आहेत ते मोजा. तेवढ्या जागा मोकळ्या होतात, आणि महिनाभर ‘बोलणी चालू’ असलेले दोन-तीन करार अचानक जाहीर होतात.